स्वसंवाद नोंद

सर तिच्या मागून गेले, जाता जाता तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "आणि आज ते मनातलं 'सोड, सोड' बंद. कळलं ना?" एवढं म्हणून ते पुढच्या मशीनकडे वळलेसुद्धा. ती खाली वाकून डाव्या पायाचा पट्टा आवळत होती. पट्टा तिच्या हातात तसाच राहिला. आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, सर असंच काहीबाही सगळ्यांना म्हणतात, चाचणीच्या सकाळी त्यांनाही बोलायला काहीतरी लागतंच. पण ते 'सोड' म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते. 'धीर सोडू नकोस' नाही, 'हार मानू नकोस' नाही. नेमका तो एक शब्द, ती म्हणते तसाच, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा, मध्ये श्वासापुरती जागा ठेवून. हा शब्द तिने आयुष्यात कुणासमोर उच्चारला नव्हता. आईसमोर नाही, ताईसमोर नाही, सहा वर्षं नावेत तिच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या हसरीसमोरही नाही. तो शब्द जगात दोनच ठिकाणी होता. एक तिच्या डोक्यात, आणि दुसरा मानसतज्ज्ञ बाईंच्या कपाटात, पिवळ्या कागदावर, तिच्याच अक्षरात.

ती उठली. चाचणीला अजून पाऊण तास होता. होड्यांच्या शेडवरचा तो लांबलचक हॉल, वॉर्निशचा आणि ओल्या दोरखंडाचा वास, एका रांगेत मांडलेली, वल्हवायच्या सरावाची पाच मशीनं. सरकती सीट, साखळी, हातात धरायचा दांडा आणि समोर आकडे दाखवणारा छोटा पडदा. पाणी नाही, वारा नाही, सोबतीण नाही. दोन हजार मीटर, साधारण सात मिनिटं, आणि त्या सात मिनिटांवर पुढचं अख्खं वर्ष. पाच जणी होत्या आणि जागा चार. थोरली, म्हणजे त्यांची कप्तान, एका शाळेत भूगोल शिकवायची आणि तिच्या जागेबद्दल कुणालाच शंका नव्हती. नवी दोनच वर्षांपूर्वी आलेली, पण पायांत नुसती वाफ. नर्स रात्रपाळ्या सांभाळून वल्हवायची आणि कधी तक्रार करायची नाही. मग ती स्वतः. आणि हसरी, जिला शर्यत संपल्यावर भोवळ येत असतानाही हसू फुटायचं म्हणून हे नाव पडलं होतं. यांपैकी कुणीतरी एक घरी राहणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि गेला आठवडाभर म्हणूनच सगळ्या एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलत होत्या.

बाईंच्या खोलीकडे जिना उतरताना तिला जाणवलं, की आपले कान तापलेत. नुसते तापलेले नव्हते, त्यांच्या पाळ्या ठणकत होत्या, लहानपणी वर्गात कुणी आपली वही सगळ्यांना वाचून दाखवल्यावर ठणकायच्या तशा. भीती असती तर तिला समजली असती. भीतीची तिला सवय होती. चाचणीच्या आधी चारदा मोरीकडे धाव घ्यावी लागते, ते सगळं तिच्या घरचंच होतं. पण हे वेगळं होतं. आपण आंघोळीला बसलोय आणि कुणीतरी येऊन, अगदी आपल्या भल्यासाठी, पाणी जरा जास्त कोमट घे असं सांगून गेलं, तर काय वाटेल, तसं काहीतरी.

बाई वर्षभरापूर्वी संघात आल्या तेव्हा मुलींनी त्यांची पुष्कळ चेष्टा केली होती. हळू बोलायच्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान किंचित वाकडी करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिवळे कागद वाटले. वर ठळक अक्षरांत 'स्वसंवाद नोंद' आणि खाली चार चौकोन, दर पाचशे मीटरला एक. चाचणीच्या वेळी तुम्ही स्वतःशी काय बोललात ते जसंच्या तसं लिहा. त्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की ही नोंद फक्त तुमच्या आणि माझ्यात राहील. हसरी म्हणाली होती, ही स्वतःनेच स्वतःची चहाडी करायची सोय आहे, आणि सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती. पण मग घरी जाऊन तिने कागद भरला, आणि खराखुरा भरला. तो तिचा स्वभावच होता, किंवा धंदा म्हणा. सकाळचा सराव आटोपला की ती चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची. तिथे पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक पंधरा दिवस डोकं धरून बसतं आणि त्याला कळतसुद्धा नाही का ते. साधारण असा शब्द त्या खोलीत नव्हताच. तेव्हा जसंच्या तसं लिहा म्हटल्यावर तिने जसंच्या तसं लिहिलं. पहिल्या चौकोनात: ठीक. हात लांब. ठीक. दुसऱ्यात: बाजूचीचे आकडे बघू नकोस. बघितलेस ना? गाढव. तिसऱ्यात: सोड. सोड. कुणाला काही वाटणार नाही. हे पाय तुझे नाहीत. सोड. आणि चौथ्यात: आता सोडून तरी काय उपयोग.

असे बावीस कागद झाले होते वर्षभरात. पहिला देताना हात आखडला होता, हे तिला आत्ता, जिन्याच्या मधल्या पायरीवर, लख्ख आठवलं. बाईंनी कागद वाचला नव्हता, नुसता घडी करून फायलीत ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, तुम्ही फार प्रामाणिक आहात. त्या एका वाक्याने ती दोन दिवस खुशीत होती. याचीच आता सगळ्यात जास्त चीड येत होती. प्रामाणिक म्हटल्यावर शेपूट हलवलं आपण, आणि आणखी एकवीस कागद भरून दिले. त्यात काय काय लिहिलं असेल? ताईच्या लग्नाआधीच्या चाचणीत, तिसऱ्या चौकोनात, ताईबद्दल काहीतरी लिहिलं होतं, जे ताईला कळलं तर ती वर्षभर बोलणार नाही. एकदा आईच्या आजाराबद्दल. आणि सरांबद्दलही होतंच की. सरांनी ते वाचलं असेल? वाचून खांद्यावर दोन बोटं टेकवली असतील?

आणि मग तिला बाबा आठवले, आणि आठवल्यावर पाय जिन्यावर आणखी थोडा वेळ थांबला. बाबा काचेच्या कारखान्यात पॅकिंगला होते. रविवारी सकाळी गॅलरीत बसून घरच्या सगळ्यांचे बूट पॉलिश करायचे, आणि ब्रश चालवता चालवता स्वतःशी बोलायचे. हळू, पण खिडकीच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की सगळं ऐकू यायचं. ती आणि ताई तिथे भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. "साहेब, माझं एवढंच म्हणणं आहे," असं बाबा म्हणायचे, मग थांबायचे, जणू साहेब काहीतरी बोलतोय, मग, "नाही, तसं नाही साहेब, पण माझं एवढंच म्हणणं आहे." ते म्हणणं काय होतं ते कधीच पुढे यायचं नाही. एका रविवारी जेवताना ताईने पाण्याचा तांब्या उचलून तोच आवाज काढला. साहेब, माझं एवढंच म्हणणं आहे. आईला इतकं हसू आलं की घास घशात अडकला. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या जरा मागून, आणि हसताना त्यांनी ताटाकडे बघितलं. पुढच्या रविवारपासून गॅलरीतून नुसता ब्रशचा आवाज यायला लागला. कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत बाबा साहेबाला काही बोलले नाहीत. आता वाटतं, ते एक दिवस बोललेही असते. तालीम चालली होती त्यांची. आपण दोघींनी ती बंद पाडली, आणि तेही प्रेमाने, हसत हसत, त्यांचं काही बिघडेल असं मनातही न आणता. म्हणजे चोरून ऐकण्याचा गुन्हा तिचाही होताच. पण ती नऊ वर्षांची होती. सर बावन्न वर्षांचे आहेत.

बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाई टेबलावर कागदांचे गठ्ठे लावत होत्या. ती आत गेली आणि बसा म्हणायची वाट न बघता म्हणाली, माझी फाइल बघायचीय. बाईंनी मान वाकडी केली. चाचणीनंतर निवांत बघू म्हणाल्या, आत्ता मन शांत ठेवणं महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, मन शांत आहे, फाइल द्या. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बाई उठल्या, कपाट उघडलं आणि फाइल तिच्यासमोर ठेवली. पिवळे बावीस कागद. तिचं अक्षर. आणि कागदाकागदावर, ओळींखाली, हिरव्या शाईच्या रेघा. हिरवं पेन संघात एकच माणूस वापरतो, सरावाच्या वेळापत्रकावर सगळे बदल त्याच शाईने होतात. 'सोड'खाली प्रत्येक ठिकाणी दुहेरी रेघ होती. समासात मध्येच 'कमकुवत' असं लिहिलं होतं, आणि एका ठिकाणी, जिथे तिने आईबद्दल लिहिलं होतं तिथे, नुसतं एक प्रश्नचिन्ह.

"तुम्ही म्हणाला होतात, आपल्या दोघींत राहील," ती म्हणाली. "छापलंय इथे."

बाईंचा चेहरा उतरला. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. निवडीच्या तक्त्यात मानसिक तयारीचा एक रकाना आहे, त्या म्हणाल्या, दहा गुणांचा. तो चाचणीच्या दिवशीच्या नोंदीवरून भरायचा असा संघटनेचा नियम आहे, बाकीच्या नोंदी संदर्भाला. सरांनी मागितल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. पण मी त्यांना समजावून सांगितलं होतं, की असे शब्द मनात येणं हे दुबळेपणाचं लक्षण नसतं, त्या शब्दांच्या पुढे माणूस काय करतो ते बघायचं असतं. "त्यांनी माझं ऐकून घेतलं," बाई म्हणाल्या, "आणि मग रेघा मारल्या."

बावीस चाचण्या, ती मनात हिशेब करत होती. बावीस वेळा तिसऱ्या चौकोनात सोड. आणि बावीसही वेळा दोन हजार मीटर पुरे. एकदाही, एकदासुद्धा हात दांड्यावरून सुटला नव्हता. हे कुठल्या कागदावर लिहायचं होतं? त्यासाठी चौकोनच नव्हता. या माणसांनी तोंड वाचलं होतं, हात बघितलेच नव्हते. चार दिवसांपूर्वी सर तिला म्हणाले होते की तुझ्यात सगळं आहे, पण आत कुठेतरी भेग आहे, आणि ती रात्रभर छताकडे बघत ती भेग शोधत राहिली होती. ती भेग यांनी तिच्याच अक्षरातून उचलून तिलाच दाखवली होती. तिने फाइल मिटली. बाईंना आणखी काहीतरी बोलायचं होतं, बहुधा माफी मागायची होती, पण ती ऐकायला थांबली तर माफ करावं लागेल अशी तिला भीती वाटली, आणि ती वर निघून गेली.

पाच जणी पाच मशीनवर. तिच्या डावीकडे नर्स, उजवीकडे हसरी. मागे सर, त्यांच्याशेजारी संघटनेचे सचिव, सतत खाकरणारे आणि नियमांचं पुस्तक बगलेत घेऊन फिरणारे गृहस्थ. पडद्यावर आकडे शून्य झाले आणि सगळ्या एकदम सुटल्या. दांड्याचे पहिले दहा ओढे अंगातल्या दुसऱ्याच कुणीतरी ओढल्यासारखे गेले, तसे ते नेहमीच जातात. ठीक, ती स्वतःशी म्हणाली. हात लांब. आणि लगेच वाटलं, हेही ते वाचतील. हात लांब, खाली हिरवी रेघ. ती गप्प झाली. गप्प राहून वल्हवणं किती कठीण असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. साखळीची घरघर, शेजारच्या दोघींचे श्वास, सीटच्या चाकांचा आवाज, आणि डोक्यात मात्र रिकाम्या दिवाणखान्यासारखी शांतता, जिथे पाहुणा येऊन बसलाय म्हणून घरातलं कुणी मोकळं बोलत नाही. तिने बाईंच्या पत्रकातलं वाक्य म्हणून बघितलं. मी सक्षम आहे, मी तयार आहे. ते तोंडात दुसऱ्याच्या कवळीसारखं बसलं. पाचशे गेले, सातशे गेले. आकडे बरे होते, पण ते आकडे कुणाचे होते? सर मागे होते. तिच्या मानेला कळत होतं ते कुठे उभे आहेत. हजारला मांड्यांमध्ये ती ओळखीची आग सुरू झाली, अकराशेला श्वास घशातच अडायला लागला, आणि मग ते आलंच. सोड. आलं ते आधी सरांच्या आवाजात. खांद्यावर दोन बोटं टेकवून आलं. तिचा स्वतःचा, अकरा वर्षांचा, कुणासमोरही न उच्चारलेला एकुलता एक शब्द, आणि तो आता या माणसाच्या तोंडाच्या वासाचा झाला होता.

मग तिला असा संताप आला की तिचा ओढाच चुकला. दांडा पोटावर आपटला. माझा आहे, ती मनात म्हणाली. माझा शब्द आहे, ठेवा तिथे. सोड. हे घ्या. सोड. लिहा, दुहेरी रेघ मारा. सोड. कमकुवत ना? सोड. प्रत्येक ओढ्याला ती म्हणत होती, आधी त्यांना उद्देशून, चिडून, दात आवळून, आणि मग हळूहळू, दीड हजाराच्या सुमाराला, सर कुठेतरी मागे राहिले आणि शब्द पुन्हा तिचा झाला, साधा, थकलेला, रोजचा. सोड, कुणाला काही वाटणार नाही. हे पाय तुझे नाहीत. रागाने काही चमत्कार होत नाही, हेही तिला तेव्हाच कळलं, कारण सोळाशेला तिचा वेग पडला आणि डोळ्यांपुढे पडदा पांढरा झाला. शेवटचे दोनशे तिला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की उजवीकडून हसरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि मग घरघर थांबली, आणि ती मशीनवरून कलंडून गार फरशीवर पडली होती.

सात मिनिटं आठ सेकंद. तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा पाच सेकंद कमी. थोरली सात-एक, नवी सात-पाच, नर्स सात-दहा. हसरी सात-चौदा. हसरी भिंतीला टेकून बसली होती आणि हसायचा प्रयत्न करत होती, पण आज ते नीट जमत नव्हतं. सर आले आणि तिच्यापाशी उकिडवे बसले. त्यांचा चेहरा खरोखर आनंदाने फुलला होता, त्यात खोट नव्हती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"बघितलंस?" सर म्हणाले. "तो एक शब्द काढून टाकलास, आणि पाच सेकंद मिळाले."

तिला बोलायला श्वास नव्हता. तिने फरशीवर तळवा टेकून स्वतःला वर उचललं.

"तो शब्द मी शंभर वेळा म्हटला, सर," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझे कागद का वाचलेत?"

सर जरा गोंधळले. मग सचिवांकडे बघून हसले आणि म्हणाले, अगं, संघात लपवाछपवी कशाला, एका नावेत बसायचंय आपल्याला. ती म्हणाली, नावेत आम्ही बसतो, तुम्ही मोटरबोटीत असता. यावर सचिव खाकरले. सर उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजातला फुलोरा गेला होता. पंधरा मिनिटांत नोंदी भरून द्या, ते सगळ्यांना म्हणाले, आणि पिवळे पाच कागद बाकावर ठेवून गेले.

कपडे बदलायच्या खोलीत तिने सगळं सांगितलं. फाइल, हिरव्या रेघा, दहा गुणांचा रकाना. सांगताना तिला वाटत होतं की आता या चौघी पेटून उठतील. पण नर्स मोज्याला पडलेलं भोक बोटाने मोठं करत बसली. नवीने थोरलीकडे पाहिलं. शेवटी हसरी म्हणाली, "तू खरं लिहायचीस?"

मग एकेक करून बाहेर आलं. कुणीच खरं लिहिलं नव्हतं. नर्स बाईंच्या पत्रकातली वाक्यं आलटून पालटून उतरवायची. नवी थोरलीचं बघून लिहायची. थोरलीने तर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं की हे कागद वर जाणार, पण तिला वाटलं होतं, एवढं सगळ्यांनाच समजत असेल. आणि हसरी घरी बसून, मजेत, दर वेळी नवीन रचून लिहायची: मी पर्वत आहे, मी प्रपात आहे. सर एकदा तिला म्हणाले होते, मनाने तू या संघात सगळ्यात भक्कम. ती ऐकत राहिली. अंगातला राग आता कुठे जावं ते न कळून तिच्यावरच उलटला. अख्ख्या जगाला ठाऊक होतं, आणि आपण एकट्या पाव नंबर सांभाळत बसलो होतो. "मग तुम्ही खरं काय म्हणता?" तिने विचारलं, आणि तो प्रश्न नव्हता, तक्रार होती. पण नर्सने उत्तर दिलं. नर्स म्हणाली, मी पंधराशेनंतर सासूला शिव्या घालते. इतक्या शांतपणे म्हणाली की नवी खुदकन हसली. मग नवी म्हणाली, मी रडते, आतल्या आत, आणि स्वतःला सांगते की घाम आहे. थोरली म्हणाली, मी नद्यांची लांबी आठवते आणि दर वेळी तीच एक विसरते. सगळ्यांत शेवटी हसरी म्हणाली, "मी एकच म्हणते. आज शेवटचं. उद्यापासून नाही यायचं." आणि हसली नाही.

त्यानंतरचं थोरलीने ठरवलं. सचिव नियमांचा माणूस आहे, ती म्हणाली. रकाना आजच्याच नोंदीवरून भरायचा, आणि पाचही नोंदी कोऱ्या असल्या तर रकानाच बाद, निवड नुसत्या वेळेवर. पण एकीनेही भरून दिली तर तिला गुण मिळतील आणि बाकीच्यांना शून्य. तेव्हा सगळ्या जणी, नाहीतर कुणीच नाही. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ती मात्र ताठ उभी राहिली, डोकं अजून तापलेलं, आणि पहिला कागद उचलून तिने खाली नुसती सही केली. हे लाकूड फोडावं तसं बरं वाटलं तिला. मागोमाग थोरलीने केली, नर्सने केली, नवीने केली. हसरीने पेन मागितलं, सही केली, आणि पेन टोपण लावून परत दिलं. पाच कोरे कागद सरांच्या टेबलावर गेले. सरांचा चेहरा बघायला मिळाला, तेवढ्यापुरता तिचा दिवस भरून पावला. सचिवांनी पुस्तक उघडलं, पान शोधलं, खाकरले आणि म्हणाले, नियमाप्रमाणे असंच होईल.

रात्री, घरी, अंग शेकत असताना तिला ते एकदम दिसलं. सात-चौदा. हसरी पाचवी होती. तिला माहीत होतं की ती पाचवी आहे, पडदा सगळ्यांनीच बघितला होता. तिच्याकडे जे होतं ते त्या रकान्यात होतं. मी पर्वत आहे असं एकदा लिहिलं असतं तर नर्स घरी राहिली असती, नाहीतर आपण. आणि आपण तिच्याच शेजारी उभ्या राहून, केवढ्या तोऱ्यात, पहिली सही केली.

सोमवारी यादी लागली. वेळेप्रमाणे. मंगळवारी दुकानातून जेवायच्या सुट्टीत ती हसरीला शोधत गेली. हसरी गाडी चालवायला शिकवायची. एका शांत रस्त्याच्या कडेला तिची शिकवणीची छोटी गाडी उभी होती, दोन्हीकडे ब्रेक असलेली, आणि हसरी आत बसून पुढच्या शिकाऊची वाट बघत होती. ती दार उघडून चालकाच्या सीटवर बसली. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं आणि त्यातलं काही आठवेना.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"वेळ मलाही वाचता येते."

"मग भरायचा होतास कागद. आम्ही काय केलं असतं? ओरडलो असतो, गप्प बसलो असतो."

हसरीने आरसा पुसला. बराच वेळ पुसत राहिली. म्हणाली, वर्षभर मी भक्कम आहे म्हणून त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की बाई तुला बरं वाटतंय ना. मला बरं वाटत नव्हतं. "आणि आता तू माझ्यावर चिडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्याकडे चिडायला दुसरी माणसं आहेत. ती जपून ठेव."

पण ती चिडली होतीच. सरांवर, बाईंवर, त्या पुस्तकवाल्यावर, पाचांत चार बसवणाऱ्या त्या सगळ्या मांडणीवर, जिच्यात कुणी खरं बोललं तरी आणि खोटं बोललं तरी एकीला बाहेर जावंच लागतं. आणि हसरीवरही, जिने काही न बोलता एवढं मोठं काम केलं होतं आणि आता आरसा पुसत होती. जिंकलो आपण, असं थोरली कालपासून म्हणत होती. हे जिंकणं असेल तर त्याचं काय करायचं? तक्रारीचा अर्ज तिने लिहायला घेतला होता, तीन पानं झाली होती, बाईंनी त्यावर साक्षीदार म्हणून सही करायचं कबूलही केलं होतं. सरांना कदाचित समज मिळेल. तो रकाना कदाचित निघेल. यातल्या कशानेही सात-चौदाचे सात-नऊ होणार नव्हते.

शिकाऊ आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस, तळवे पँटला पुसत. गाडीशी येऊन तो अवघडून उभा राहिला, कारण त्याच्या जागी कुणीतरी बसलं होतं. ती उतरली. तिच्या दंडांकडे बघत त्याने हसरीला हळूच विचारलं, या पण शिकवतात का.

"छे," हसरी म्हणाली. "या वल्हवतात. मोठ्या स्पर्धेला निवड झालीय त्यांची, कालच." आणि ते तिने असं सांगितलं, इतक्या सरळ, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं, की त्या माणसाने घाईने हात पुढे करून अभिनंदन केलं.

तिने त्याचा हात हातात घेतला. तो गार होता आणि घामाने ओला. गाडी एकदा आचका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि रस्त्याच्या अगदी कडेकडेने, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे जाऊ लागली. ती फूटपाथवर उभी राहिली. मुठी आवळलेल्या होत्या, आणि त्या कुणावर उगारायच्या ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.